सरपण आणि सांगावा : ल्युकेमियाच्या पेशीतील मेदाम्ले

‘साखर बंद करा, कर्करोग उपाशी मरेल’ अशा अर्थाचा मजकूर शिक्षकांच्या वाचनात कधी ना कधी आलेला असतो. पूर्वी तो छोट्या पुस्तिकांतून यायचा, आता मोबाइलवरून येतो. अलीकडे त्याच्या जोडीला दुसराही मजकूर दिसू लागला आहे : कर्करोगाच्या पेशी साखरेवर नव्हे, चरबीवर जगतात, तेव्हा तेलतूप तोडा. दोन्हींत शास्त्रज्ञांची नावे असतात, नोबेल पारितोषिकाचा उल्लेख असतो. आणि दोन्ही वाचून झाल्यावर रुग्णाला खायला द्यायचे तरी काय, हा प्रश्न घरच्यांपुढे उरतो. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी हा आजार असेल तर तो प्रश्न शिक्षकांपर्यंतही येतो.

या दोन मजकुरांची तपासणी आम्ही येथे करणार आहोत. दोष केवळ ते लिहिणाऱ्यांचा नाही. त्यांच्या मुळाशी असलेली एक समजूत पाठ्यपुस्तकांत आहे आणि काही शोधनिबंधांतही आहे. ती समजूत अशी, की मेदाम्ल म्हणजे पेशीचे सरपण, बाकी काही नाही. उदाहरण म्हणून आपण ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, घेऊ. या रोगातील पेशी रक्तातून किंवा अस्थिमज्जेतून सुईने काढून तपासता येतात, त्यामुळे त्यांच्या अंतरंगाची माहिती बरीच खोलवर मिळालेली आहे.

वारबुर्ग यांनी काय पाहिले

जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात ऊतींच्या पातळ चकत्या घेऊन त्यांच्या श्वसनाचे मोजमाप केले. कर्करोगाच्या गाठीतील ऊती भरपूर ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजपासून मोठ्या प्रमाणात लॅक्टिक आम्ल बनवतात, असे त्यांना आढळले. हे निरीक्षण पक्के आहे. अनेक गाठी ग्लुकोज अधाशीपणे ओढून घेतात, आणि पेट स्कॅन ही तपासणी याच गुणधर्माचा उपयोग करते.

पण वारबुर्ग तेथे थांबले नाहीत. पेशीचे श्वसन बिघडते आणि हा बिघाड हेच कर्करोगाचे मूळ कारण, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९५६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी तो ठामपणे मांडला. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ सिडनी वाइनहाउस यांनी त्याला उत्तर दिले. कर्करोगाच्या पेशींचे श्वसन बंद पडलेले नसते, हे त्यांनी मोजमापांच्या आधारे दाखवले. गाठीतील पेशी मेदाम्लांचेही ज्वलन करतात, हे तर वाइनहाउस यांच्या गटाने १९५० च्या दशकाच्या आरंभीच दाखवून दिले होते. आजचा पुरावा वाइनहाउस यांच्या बाजूचा आहे.

आणखी एक गोष्ट. वारबुर्ग यांना १९३१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते श्वसनातील विकराचे स्वरूप आणि कार्यपद्धती शोधल्याबद्दल. ‘कर्करोगाचे कारण शोधल्याबद्दल नोबेल’ हे वाक्य जेथे दिसेल तेथे पुढचे वाचताना सावध व्हावे.

उपासाने काय होते

समजा, रुग्णाने साखर पूर्ण तोडली, भात-भाकरीही कमी केली. त्याच्या रक्तातील ग्लुकोज संपेल का? नाही. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटीही दर १०० मिलिलिटरमध्ये साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. आहारातून आले नाही तर यकृत ते अमिनो आम्ले, ग्लिसरॉल यांपासून तयार करते, कारण मेंदू आणि तांबड्या पेशी त्यावर अवलंबून आहेत. ती अमिनो आम्ले बऱ्याच अंशी रुग्णाच्या स्नायूंतून येतात.

त्याच वेळी दुसरी गोष्ट घडते. इन्सुलिन उतरते, शरीरातील साठवलेली चरबी विघटित होऊ लागते आणि रक्तातील मुक्त मेदाम्ले वाढतात. म्हणजे पहिल्या मजकुराचा सल्ला पाळला की दुसरा मजकूर ज्याला शत्रू म्हणतो तेच रक्तात वाढते. आणि मेदाम्ल हे काही हलके सरपण नव्हे. ग्लुकोजच्या एका रेणूच्या पूर्ण ज्वलनातून आजच्या हिशेबाने एटीपीचे ३० ते ३२ रेणू मिळतात, तर सोळा कार्बनी पामिटिक आम्लाच्या एका रेणूतून १०६. जुन्या पुस्तकांत हे आकडे ३८ आणि १२९ असे दिलेले आढळतील. आकडे सुधारले, तरी मेदाम्ल वरचढ हे तात्पर्य कायम आहे.

ल्युकेमियाची पेशी उपाशी मारण्याची कल्पना मुळातच वेडगळ आहे, असे मात्र समजू नये. ती एका ठिकाणी यशस्वी झालेली आहे. १९५३ साली जॉन किड यांना गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांतील काही गाठी नाहीशा होताना दिसल्या. पुढे कळले, की त्या रक्तद्रवात अ‍ॅस्पॅराजिनेज हे विकर असते आणि ते अ‍ॅस्पॅराजीन या अमिनो आम्लाचे विघटन करते. मुलांत आढळणाऱ्या अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशी हे आम्ल स्वतः पुरेसे बनवू शकत नाहीत, इतर बहुतेक पेशी बनवू शकतात. म्हणून हे विकर आज त्या रोगाच्या उपचाराचा नेहमीचा भाग आहे.

या उदाहरणाच्या अटी नीट पाहा. रोगी पेशीत एक नेमकी उणीव होती आणि निरोगी पेशींत ती नव्हती. शिवाय तो पदार्थ आहारातून तोडून भागले नसते, कारण शरीर तो स्वतःच बनवते. तो रक्तातूनच काढून टाकावा लागला. ग्लुकोज आणि मेदाम्ले यांना या अटी लागू होत नाहीत. ती सगळ्यांचीच गरज आहे.

चरबीच्या सरपणाचा पुरावा

आता दुसऱ्या मजकुराकडे वळू. ल्युकेमियाच्या पेशी मेदाम्ले वापरतात याला चांगला आधार आहे. त्या वाढतात ती जागाच चरबीची आहे. नवजात बालकाची अस्थिमज्जा जवळजवळ सगळी लाल असते, पण प्रौढ वयात तिचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग मेदपेशींनी व्यापलेला असतो. २०१७ साली इंग्लंडमधील नॉर्विच येथील गटाने दाखवले, की अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशी शेजारच्या मेदपेशींना चरबी विघटित करायला लावतात आणि सुटलेली मेदाम्ले स्वतः घेतात. त्याआधी, २०१६ साली, अमेरिकेतील कोलोराडोच्या गटाला उंदरांत असे दिसले होते, की ल्युकेमियाच्या काही मूलपेशी जननग्रंथींभोवतीच्या चरबीत दडून राहतात, तेथील मेदाम्ले वापरतात आणि औषधांच्या माऱ्यातून वाचतात.

यावरून ‘मग मेदाम्लांचे ज्वलन थांबवा’ असे सुचणे साहजिक आहे. लांब साखळीच्या मेदाम्लांना तंतुकणिकेत शिरण्यासाठी कार्निटाइन नावाच्या वाहकाची गरज असते, आणि त्याला मेदाम्ल जोडून देणाऱ्या विकराला थोडक्यात सीपीटी-१ म्हणतात. हे विकर म्हणजे जणू तंतुकणिकेच्या दारावरचा पहारेकरी. एटोमॉक्सिर हे रसायन या पहारेकऱ्याला अडवते. २०१० साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथील गटाने एटोमॉक्सिर वापरल्यावर ल्युकेमियाच्या पेशी औषधांना अधिक सहज बळी पडतात, असे प्रसिद्ध केले. रुग्णांकडून घेतलेल्या नमुन्यांपैकी सुमारे निम्म्यांत सुप्त पूर्वज पेशींची संख्याही घटली. त्यानंतरच्या कित्येक निबंधांतील युक्तिवाद एकाच साच्याचा आहे : एटोमॉक्सिर टाकले, पेशी मेल्या, म्हणून पेशी मेदाम्लांच्या ज्वलनावर जगत होत्या.

आमचा आक्षेप या ‘म्हणून’ला आहे. पहारेकऱ्याला अडवणारे रसायन घरात आणखी काय करते, हे पाहिल्याखेरीज हा निष्कर्ष निघत नाही. २०१८ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथील गटाने ते पाहिले. एटोमॉक्सिरची तीव्रता १० मायक्रोमोलर ठेवली तेव्हा कर्करोगाच्या पेशींतील मेदाम्लांचे ज्वलन सुमारे ९० टक्के थांबले, पण पेशींच्या वाढीवर परिणाम झाला नाही. तीव्रता २०० मायक्रोमोलर केली तेव्हा वाढ मंदावली, पण त्या तीव्रतेला हे रसायन श्वसनसाखळीतील पहिल्या घटकालाच रोखत होते. म्हणजे पेशींना जडला तो उपवास नव्हता, विषबाधा होती. त्याच वर्षी आणखी दोन गटांनी प्रतिकारशक्तीच्या पेशींवर काम करून अशाच स्वरूपाचे आक्षेप घेतले. त्यांपैकी एकाने टी-पेशींतून सीपीटी-१ चे जनुकच काढून टाकले. पेशी व्यवस्थित राहिल्या, आणि पहारेकरी नसलेल्या त्या पेशींवरही एटोमॉक्सिरचा परिणाम दिसत राहिला!

सेंट लुइसच्या निबंधातील एक निष्कर्ष आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. सीपीटी-१ चे प्रमाण जनुकीय पद्धतीने कमी केले तर वाढ खरोखरच मंदावली. मग पेशींना सीपीटी-१ न लागणारे, आठ कार्बनी छोटे मेदाम्ल पुरवून पाहिले. सरपण पोचले, पण वाढ पूर्ववत झाली नाही. म्हणजे या विकराचे पेशीत जळणापलीकडेही काम आहे. सरपणाच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला हे दिसलेच नसते.

याचा अर्थ मेदाम्लांच्या ज्वलनाचा ल्युकेमियाशी संबंध नाही, असा नव्हे. २०२० साली कोलोराडोच्याच गटाने व्हेनेटोक्लॅक्स या औषधाला दाद न देणाऱ्या मूलपेशींत मेदाम्लांचा चयापचय वाढलेला असल्याचे प्रसिद्ध केले. हे औषध अ‍ॅझासिटिडिनच्या जोडीने दिल्यास, तीव्र उपचार न पेलणाऱ्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान ९.६ महिन्यांवरून १४.७ महिन्यांवर जाते, हे त्याच वर्षी एका मोठ्या चाचणीत दिसले होते. काही महिन्यांनी ते का निष्प्रभ होते हा म्हणूनच जिवाशी गाठ असलेला प्रश्न आहे. तो सोडवण्यासाठी वापरायचे साधन भरवशाचे असले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.

चौदा कार्बनांची कडी

मेदाम्लाच्या दुसऱ्या भूमिकेचे सर्वांत स्वच्छ उदाहरण क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात सापडते. जायफळाच्या चरबीत विपुल आणि खोबरेल तेलात बऱ्यापैकी असलेले चौदा कार्बनी मिरिस्टिक आम्ल आपल्या पेशीही बनवतात. त्याचे नावच जायफळाच्या शास्त्रीय नावावरून, मिरिस्टिका, यावरून पडले. पेशी त्यातले काही जाळत नाही. ते ठरावीक प्रथिनांच्या आरंभीच्या टोकाला कायमचे जोडते.

अशा प्रथिनांपैकी एक आहे एबीएल. हे एक कायनेज आहे, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा गट बसवून पेशीला संदेश देणारे विकर. हा संदेश सतत जात राहिला तर पेशी अनावर वाढेल, म्हणून विकर बंद ठेवण्याची सोय हवी. ती सोय २००३ साली उलगडली. एबीएलच्या टोकाला जोडलेली चौदा कार्बनांची शेपटी मागे वळते आणि त्याच प्रथिनातील एका खोलगट खाचेत जाऊन बसते. त्यामुळे प्रथिनाचे भाग एकमेकांना आवळून धरतात आणि विकर बंद राहते. दाराची कडी कोयंड्यात अडकावी तसे.

१९६० साली पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रोगाच्या रुग्णांत एक असाधारण लहान गुणसूत्र दिसले. गावाच्या नावावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते बनते, हे १९७३ साली जॅनेट रॉली यांनी दाखवले. या अदलाबदलीत एबीएलचा आरंभीचा भाग तुटतो आणि तेथे बीसीआर नावाच्या प्रथिनाचा तुकडा येतो. टोक गेले, त्याबरोबर कडीही गेली. शिवाय बीसीआरचा तुकडा या प्रथिनांना एकत्र आणून एकमेकांना चालू करायला लावतो. दोन्हींचा परिणाम म्हणून कायनेज अखंड चालू राहते.

२००१ साली मान्यता मिळालेले इमॅटिनिब हे औषध या कायनेजची एटीपी घेण्याची जागा अडवते आणि त्याने या रोगाचे चित्रच पालटले. पण त्या जागेत बदल झाला तर औषध निकामी होते. तेव्हा संशोधकांनी विचार केला : कडी गेली, पण कोयंडा तर अजून तेथेच आहे. त्या रिकाम्या खाचेत बसणारे अ‍ॅसिमिनिब हे औषध तयार झाले आणि अमेरिकेत २०२१ साली त्याला मान्यता मिळाली. आधीची किमान दोन औषधे घेऊन झालेल्या २३३ रुग्णांच्या चाचणीत २४ आठवड्यांनंतर चांगला रेण्वीय प्रतिसाद अ‍ॅसिमिनिबने २५.५ टक्के जणांत मिळाला, तुलनेच्या बोस्युटिनिब या औषधाने १३.२ टक्के जणांत.

येथे मेदाम्लाने एकही एटीपी दिला नाही. ते सरपण नव्हते, सांगावा थोपवणारी कडी होते. सरपण म्हणून ज्याची गणना होते त्या पामिटिक आम्लाचेही असेच दुसरे रूप आहे. ल्युकेमियात अनेकदा बिघडलेले आढळणारे एनरास हे प्रथिन पेशीपटलापर्यंत पोचते ते अंगावर पामिटिक आम्ल वागवून. ते जोडण्याची जागाच नष्ट केली तर बिघडलेले एनरासही उंदरांत ल्युकेमिया निर्माण करू शकत नाही, हे २०१० साली दिसून आले. एकच सोळा कार्बनी रेणू तंतुकणिकेत गेला तर सरपण, प्रथिनाला जोडला गेला तर पत्ता.

जायफळ खाऊन किंवा खोबरेल पिऊन मात्र ही कडी बसणार नाही, कारण ती ज्या टोकाला जोडायची ते टोकच नव्या प्रथिनात उरलेले नाही. यंत्रणा नेमकी कळली की आहाराचा सल्ला कोठे लागू पडत नाही हेही नेमके कळते.

दुसऱ्या बाजूलाही तोच नियम

‘सांगावा’ म्हटले की प्रत्येक दावा खरा, असेही होऊ नये. अ‍ॅराकिडोनिक आम्ल या वीस कार्बनी मेदाम्लापासून ल्युकोट्राइन नावाचे संदेशवाहक बनवणाऱ्या विकराचे जनुक काढून टाकले, तर उंदरांत क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया होत नाही, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. दम्यावरचे एक औषध हे विकर अडवते, त्यामुळे आशा पल्लवित झाल्या. परंतु २०१७ साली एका स्वीडिश गटाने रुग्णांच्याच मूलपेशी तपासल्या, तेव्हा प्रयोगशाळेतील वाढीसाठी त्यांना हा मार्ग आवश्यक नसल्याचे दिसले. उंदरातील निष्कर्ष उंदरापुरता खरा असू शकतो. तो माणसाला लागू आहे की नाही, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

वर्गासाठी

पाठ्यपुस्तकांवरचा आमचा आक्षेप आता थोडक्यात सांगता येईल. मेदाम्ले ‘पोषण’ आणि ‘श्वसन’ या धड्यांत येतात, ऊर्जेचा साठा म्हणून त्यांची ओळख होते आणि तेथेच ती संपते. पेशींतील संदेशवहन आलेच तर फार पुढच्या इयत्तेत, वेगळ्या धड्यात, प्रथिने आणि संप्रेरके यांच्या संदर्भात येते. विद्यार्थ्याच्या मनात अन्नाचे एक खाते आणि संदेशाचे दुसरे खाते तयार होते. मोठेपणी तोच विद्यार्थी ‘अमुक तोडा, कर्करोग मरेल’ हे वाक्य सहज स्वीकारतो. श्वसनाच्या धड्याला चौदा कार्बनांच्या कडीची पाच ओळींची चौकट जोडली तरी ही भिंत थोडी खाली येईल.

वर्तमानपत्रातील कर्करोगाची बातमी वर्गात वाचताना मुलांना तीन प्रश्न विचारायला लावावेत. पदार्थ पेशीत कोणते काम करतो, जळतो की काही जोडतो-थांबवतो? तो अडवण्यासाठी वापरलेल्या साधनाची दुसऱ्या मार्गाने खातरजमा केली का? आणि प्रयोग काचेच्या बशीत झाला, उंदरात झाला की रुग्णांत? नववी-दहावीची मुले हे प्रश्न उत्तम विचारू शकतात.

आणि ज्याच्या घरी आजार आहे त्या मुलाला काय सांगायचे? लहान मुलांतील अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातून संपन्न देशांत आज दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात. ती वाचतात ती ठरलेली औषधे ठरलेल्या मात्रेत आणि ठरलेल्या काळापर्यंत घेऊन. कुपोषित मुलाला ती औषधे आणि त्या काळात होणारे जंतुसंसर्ग सोसणे अधिक कठीण जाते. तेव्हा भावंडाला डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढे पोटभर खाऊ द्यावे, वरणभातावर तुपाची धार पडली म्हणून कोणी घाबरू नये, आणि आहारात काही तोडायचे असेल तर ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून. शिक्षकांनी हे ठामपणे सांगितले, तर एखाद्या घरातील ताट तरी भरलेले राहील.